हतनूरच्या फुगवट्यात नाव फिरवायची म्हणतो, पण पक्ष्यांचं काय?

गाळपेरवाला · ९ डिसेंबर, रात्री ९.४०

राम राम मंडळी. मी रावेर तालुक्यातला, तापीच्या उत्तर काठावरचा. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर रविवारी सकाळीच गाड्या दारात उभ्या राहतील.

हतनूर धरण १९८२ साली पूर्ण झालं. त्याच्या मागे साचून पसरलेलं पाणी म्हणजे हा फुगवटा. आजोबांचं निम्मं वावर त्यात गेलं. उरलं त्यात केळी आहे. हिवाळ्यानंतर पाणी उतरलं की गाळाची जमीन उघडी पडते, ती बा एकसाली पट्ट्यानं करतो आणि त्यात टरबूज लावतो. शिवाय घरची एक लाकडी नाव आहे, सपाट बुडाची. चुलत भावाचं जाळं आणि आमची नाव, असा जोडधंदा.

दोन-तीन वर्षं झाली, थंडी पडली की जळगाव, भुसावळकडची माणसं काठावर भरीत करायला येतात. वांगी भाजेपर्यंत करायचं काय? मग "दादा, नावेतून एक चक्कर मारा ना, माणशी शंभर देतो." मागच्या जानेवारीत मी चार रविवार चकरा मारल्या. खोटं कशाला बोलू, पैसे बरे सुटले. त्या आठवड्यात केळीला भावच नव्हता.

तिसऱ्या रविवारी एक जण म्हणाला, "उडवा ना जरा, व्हिडिओ काढायचाय." समोर बदकांचा मोठा थवा बसलेला. मी नाव सरळ त्यांच्यात घातली. अख्खं पाणीच वर उचललं गेल्यासारखं वाटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मलाही भारी वाटलं. पण तो थवा पार पलीकडच्या काठाला गेला आणि दिवस मावळेपर्यंत परत आला नाही. पुढच्या रविवारी तर मी नुसती नाव ढकलली, वल्हं अजून पाण्यात टाकलंही नव्हतं, तोच सगळे उडाले. त्यांनी माझी नाव ओळखली होती. तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे.

मार्चमध्ये आणखी एक झालं. पाणी उतरलं की मधल्या बेटाला काठापासून वाट जोडली जाते. चार-पाच पोरं मोटरसायकली घेऊन त्या बेटावर गेली, रात्री शेकोटी करून बसली. सकाळी मी गेलो तर बाटल्या, चिप्सची पाकिटं आणि मधे चाकांच्या चाकोऱ्या. डोक्यावर चार-पाच पांढरे पक्षी कर्कश ओरडत फिरत होते. ते का ओरडत होते ते मला तेव्हा कळलं नाही.

आता यंदाची विचारणा सुरू झाली आहे. चाळीस जणांचा एक ग्रुप जानेवारीत यायचं म्हणतो. नाव फिरवू की नको? फिरवायची तर कशी? का हा धंदाच सोडून द्यावा? जाणकारांनी सांगावं. "निसर्ग वाचवा" असं नका सांगू, ते आमच्या शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं आहे.

---

सहाशे_एमएम · ९ डिसेंबर, रात्री १०.१५

भाऊ, बिनधास्त फिरवा. पक्ष्यांना पंख दिलेत ते उडायलाच. मी दरवर्षी तिकडे फोटो काढतो. काठावरून नुसते ठिपके दिसतात, नावेशिवाय फोटोच मिळत नाही. नंबर इनबॉक्स करा, आम्ही तिघं येतो. पट्टकादंब हंस जवळून मिळवून दिलात तर माणशी पाचशे देऊ.

---

ब्रेकव्हॅन · १० डिसेंबर, सकाळी ६.०५

गाळपेरवाला भाऊ, उडवलं ते उडवलं असं सरळ लिहिलंस, म्हणून सविस्तर उत्तर देतो. वयानं लहान असशील असं धरून अरे-तुरे करतोय, राग मानू नको.

मी रेल्वेत मालगाडीचा गार्ड होतो. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात म्हणे, आम्ही आपले हिरव्या-तांबड्या झेंड्यातच निवृत्त झालो. गार्ड म्हणजे शेवटच्या डब्यातला एकटा माणूस. भुसावळ-खंडवा लाइनवर तापीच्या पुलाच्या अलीकडे-पलीकडे सिग्नल मिळेना की गाडी पाऊण पाऊण तास उभी. बोलायला कोणी नाही आणि खाली नदी. पक्ष्यांचा नाद तिथे लागला. निवृत्तीनंतर दुर्बीण घेतली आणि हिवाळ्यात दर आठवड्याला हतनूरच्या फुगवट्यावर जातो. जानेवारीत पाणपक्ष्यांची जी आशियाभर गणना होते, तिच्यातही वही घेऊन बसतो. तिथे जाण्याचं माझ्याकडे कुठलं लायसन नाही, आवड आहे एवढंच. तेव्हा "काठावर कोणी येऊच नये" असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

आधी तुझ्या थव्याचं सांगतो. दुपारी पाण्यावर निवांत डुलताना दिसतात ती तलवार बदकं, थापट्या, चक्रवाक वगैरे मंडळी. त्यातली बरीचशी रातपाळीवाली असतात. अंधार पडला की उथळ पाण्यात, काठच्या शेतात चरायला जातात आणि दिवसा विश्रांती घेतात. आमच्याकडे रनिंग रूम असते. रात्रभर गाडी चालवून आलेला ड्रायव्हर तिथे झोपतो आणि बाहेर कोणी मोठ्यानं बोललं तरी वॉचमन त्याला हाकलतो. तू त्या रनिंग रूममध्ये नाव घातलीस. एकदा उठवलं तर तो शिवी देऊन परत झोपेल. पण रविवारी चार वेळा उठवलं, तर रात्री गाडी कशी चालवायची त्यानं? त्यात ही पाहुणी मंडळी फेब्रुवारी-मार्चमध्ये परतीला लागतात, काहींना तर हिमालय ओलांडायचा असतो. त्या वाटेसाठी अंगावर चरबी चढवायची ती इथे, तुझ्या गावासमोर. तू उडवलंस की तीच चरबी जळते.

दुसरं, मार्चमधले ते ओरडणारे पांढरे पक्षी. पिवळी चोच, काळी टोपी, तांबडे पाय, शेपटीला दोन टोकं, असे होते का? मग ते नदी सुरय. हे पाहुणे नाहीत, आपलेच आहेत, बारमाही. नदीतल्या उघड्या वाळूवर, गाळाच्या बेटावर अंडी घालतात. काडी नाही, गवत नाही, वाळूत पोटानं केलेला जेमतेम वाटीएवढा खळगा. त्यात दोन-तीन अंडी, खड्याच्याच रंगाची. मोटरसायकलवरून काय, पायाखाली येईपर्यंत चालतानाही दिसत नाहीत. ही जात जगभरातच कमी होत चालली आहे आणि तिची गणती आता धोक्यातल्या पक्ष्यांत होते. कारण सरळ आहे. धरणांनी पाणी अवेळी वरखाली होतं, वाळू उपसली जाते आणि जी काय बेटं उरतात तिथे कुत्री, गुरं आणि आपण.

आता माझी गोष्ट सांगतो. ही मी फार कोणाला सांगितलेली नाही.

सातआठ वर्षांपूर्वीचा एप्रिल. नवीन लेन्स घेतली होती, पीएफच्या पैशातून, घरी भांडण करून. बेटावर सुरयची घरटी सापडली. मी पंधरा पावलांवर स्टूल टाकून बसलो. सकाळचे साडेदहा वाजले असतील. पक्षीण डोक्यावरून झेपावत होती, ओरडत होती. मला वाटलं, सवय होईल हळूहळू. अर्धा तास बसलो. फोटो सुरेख आले, डोळ्यात माझी सावली दिसते एवढे स्पष्ट. निघताना लेन्समधून अंडी पाहिली. एकाला केसाएवढी चीर होती, म्हणजे पिल्लू आतून टोचत होतं. वाटलं, चला, आठवड्यानं येऊ, पिल्लांचे फोटो मिळतील.

आठवड्यानं गेलो. या वेळी लांबूनच दुर्बीण लावली. पक्षीण बसलेली होती. उठली तेव्हा दिसलं, चीर तेवढीच होती. केसाएवढी. पुढे जास्त दिवस ती बसली नाही.

भुसावळचा एप्रिल तुला सांगायला नको. साडेदहा वाजता वाळूवर अनवाणी पाय ठेवून बघ. आपल्याला वाटतं पक्षी अंड्यांना ऊब देतो. त्या दिवसांत तो सावली देत असतो. नीट लक्ष देऊन बघितलंस तर दिसेल. सुरय काय, टिटवी काय, मधूनच उठते, पाण्याशी जाते, पोटाची पिसं चांगली भिजवते आणि तशीच थेंब गाळत येऊन अंड्यांवर बसते. माठाला ओलं फडकं गुंडाळावं तसं. दुपारी तर पुन्हा पुन्हा चालतं हे. तो अर्धा तास मी तिला तेवढंच करू दिलं नाही.

त्या फोटोला एका स्पर्धेत दुसरा नंबर मिळाला. फ्रेम हॉलमध्ये आहे. येणारे-जाणारे वा वा करतात. बायको एकदा म्हणाली, काढून ठेवा ना मग. नाही काढली.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की हिवाळ्यात नाव फिरव, पण बदकं उठणार नाहीत अशी. आणि बेट मात्र फेब्रुवारी संपला की बंद. पाऊस पडेपर्यंत कोणी उतरायचं नाही, तू नाही, मी नाही, सहाशे एमएमवालेही नाहीत. हे नुसतं माझं मत नाही बरं का. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यातच पक्ष्यांची अंडी खराब करणं, अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं हे येतं. बंदूक लागत नाही त्याला. मी स्टुलावर बसून केलं ते काय होतं, ते तूच ठरव.

नाव कशी फिरवायची ते संध्याकाळी लिहितो. आता नातवाला शाळेत सोडायचंय.

---

कळणा_भाकर · १० डिसेंबर, दुपारी २.२०

ब्रेकव्हॅन काका, ऑफिसात डबा खाताना वाचलं, पुढचा घास उतरेना.

गाळपेरवाला दादा, तुमच्याकडे येणाऱ्या भरीत पार्टीवाल्यांतली मी एक. जळगावहून आम्ही बारा-चौदा बायका दरवर्षी कुठल्या ना कुठल्या काठावर जातो. तेव्हा येणाऱ्यांच्या बाजूनं थोडं बोलते.

भरीत ही काय जेवणाची गोष्ट आहे का हो नुसती? थंडीत पऱ्हाटीच्या काड्यांचा जाळ, त्यात कातडं काळं पडून फुटणारी हिरवी वांगी, तो वास. मग गरमच सोलायची, बोटं भाजतात ती भाजतात. लाकडी बडजीत हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर कुटायची, वरून पातीचा कांदा आणि तेल. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. हे गॅसवर घरात करून बघितलंय, चव येत नाही. त्यासाठी मोकळी जागा लागते. पण खरं सांगू का, नदीच लागते असं नाही. तुमच्या केळीच्या बागेच्या बांधावर चूल मांडलीत तर आम्हाला जास्त आवडेल. सावली आहे, बोअरचं पाणी आहे, आणि पत्रावळीचा खर्च नाही, केळीचं पान तोडायचं की झालं. थर्माकोलची ताटं काठावर उडत असतात ती आमच्यासारख्यांचीच असतात, मान्य.

एक गोष्ट पुरुष मंडळी कधी लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते. संडास. काठावर बायकांसाठी काही सोय नसते. मागच्या वर्षी आमच्यातल्या दोघी सकाळपासून पाणीच प्यायल्या नाहीत. एक जण आडोसा शोधत लांब गवतात गेली, तिथून तीन टिटव्या ओरडत उठल्या. तुमच्या घराचा संडास स्वच्छ ठेवून वापरू दिलात तर माणशी शंभराच्या जागी दीडशे मागा, कोणी कुरकुर करणार नाही. वहिनींना त्यातले वेगळे द्या म्हणजे झालं!

आणि चाळीस जणांच्या ग्रुपला आधी विचारा, स्पीकर आणणार का. आणणार असतील तर त्यांना लॉनवाल्याचा नंबर द्या.

---

जाळंवाला · १० डिसेंबर, संध्या. ७.१०

मी चांगदेवकडचा. पूर्णा जिथे तापीला मिळते तिथे आमच्या तीन पिढ्या जाळं टाकतात. धरणानंतर नदीचं तळं झालं, आता कटला, रोहू, चिलापी जे लागेल ते. हे सगळं वाचायला छान आहे. पण मला भीती वेगळीच आहे. आज म्हणतात बेटावर उतरू नका. उद्या बोर्ड लागेल अभयारण्य. परवा आमचं जाळं बंद. पक्ष्यांच्या नावानं पोटावर पाय यायला नको. शहरातले येतात, भरीत खातात, फोटो काढतात आणि गुन्हेगार आम्ही.

---

ब्रेकव्हॅन · १० डिसेंबर, रात्री ८.३०

जाळंवाला भाऊ, तुमची भीती खोटी नाही, म्हणून जेवढं मला पक्कं माहीत आहे तेवढं सांगतो. हतनूरचं नाव भारतातल्या महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांच्या यादीत आहे. पण ती पक्षी अभ्यासकांची यादी आहे. तिनं कोणाचं जाळं बंद होत नाही, आणि खरं बोलायचं तर तिनं कोणाची मोटरसायकलही थांबत नाही. अभयारण्य ही वेगळी, सरकारनं जाहीर करायची गोष्ट. आपल्या खान्देशात यावल आहे, शिरपूरकडे अनेर धरण आहे, ती अभयारण्यं. हतनूरचं तसं नाही. उद्या कोणी मागणी केलीच तर तुम्ही बैठकीत पहिल्या रांगेत बसा. नाहीतर तुमच्या वतीनं माझ्यासारखा निवृत्त माणूस बोलेल, आणि मला जाळं विणता येत नाही.

मासेमारी आणि पक्षी यांत भांडण आहे असंही मी इतक्या वर्षांत पाहिलेलं नाही. तुम्ही पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून हळू हळू जाता, वाकून जाळं ओढता. बगळे, नदी सुरय तुमच्या मागे मागे असतात. तुमची चाल त्यांना पाठ आहे. फक्त एक विनंती. फाटलेलं नायलॉनचं जाळं काठावर टाकू नका. गेल्या साली एका वारकरी पक्ष्याचा पाय त्यात असा गुंतला होता की मला नखं कापायच्या कात्रीनं धागा धागा तोडावा लागला. बोटाला चावला तो निराळा.

सहाशे एमएम, तुम्हाला ठिपके दिसतात कारण तुम्ही दुपारी अकराला येता, उन्हाकडे तोंड करून. गोदावरीवर नांदूर मध्यमेश्वरला एकदा जाऊन या, निफाड तालुक्यात. २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, झालं ते. तिथे गावातलीच पोरं वाटाडे आहेत, मनोऱ्यावरून स्कोप, म्हणजे लांबचं बघायची मोठी एकनळी दुर्बीण, लावून देतात. माझ्या सोबतच्या सहा वर्षांच्या पोरीनं स्कोपमधून चक्रवाकाच्या मानेचं काळं कडं मोजलं आणि पक्षी जागचा हलला नाही. गाळपेरवाला, नावेला इंजिन घ्यायचा विचार असेल तर ते पैसे स्कोपला लाव.

आता नाव. माझे हे सगळे ठोकताळे आहेत, पुस्तकातले नाहीत. सकाळी लवकर काढ, वल्ह्यानं किंवा बांबूनं. सूर्य पाठीशी राहील अशी बाजू धर. थव्याच्या रोखानं सरळ कधी जायचं नाही. सरळ येणारी वस्तू म्हणजे शिकारी, हे पक्ष्याच्या रक्तात आहे. त्यांना बाजूला ठेवून तिरपं जायचं, नजर दुसरीकडे असल्यासारखं. आणि माना बघायच्या. चरणारी बदकं डोकं खाली घालून असतात, झोपलेल्यांची चोच पाठीत. पाच-सहा माना एकदम ताठ झाल्या की वल्हं थांबव. त्या खाली गेल्या नाहीत तर मागे घे. उडाले म्हणजे चूक तुझी, गिऱ्हाईक काही का म्हणेना. एका फेरीला सहा-सात माणसं पुरेत, सगळ्यांना लाइफ जॅकेट, पोहता येणाऱ्यालाही. आणि पाटबंधारे खात्याकडे जाऊन परवानगीचं लेखी विचार. एखादा अपघात झाला तर "बा, मी शंभरच रुपये घेतले होते" हे कोणी ऐकणार नाही.

धरणाच्या खालच्या अंगाला पात्रात कोणाला बसवू नको, कधीच. आपल्याकडे आभाळ कोरडं असतं आणि बऱ्हाणपूर नाहीतर अकोल्याकडे पडलेल्या पावसानं धरणाच्या एकेचाळीस दरवाज्यांतले काही उघडायची वेळ येते. हिवाळ्यात तशी वेळ सहसा येत नाही, पण सवय लागली की लोक श्रावणातही येतात.

टिटवी डोक्यावर ओरडत आली तर काय करायचं तेही सांगून ठेवतो, कारण हे बायकांना गवतात आणि तुझ्या बाला टरबुजात दोन्हीकडे भेटणार. पुढचं पाऊल टाकायचं नाही. अंडी शोधायची नाहीत. आपल्याच पावलांच्या ठशांवरून मागे फिरायचं.

---

सहाशे_एमएम · १० डिसेंबर, रात्री ९.०२

ठीक आहे काका. पण सगळेच थांबले तर मी थांबेन. मी एकटाच का?

---

ब्रेकव्हॅन · १० डिसेंबर, रात्री ९.०९

मी थांबलोय. म्हणजे आता दोघं.

---

गाळपेरवाला · २८ जानेवारी, रात्री ८.५०

सगळ्यांचे आभार मानायला उशीर झाला. केळीची कापणी चालू होती.

चाळीस जणांच्या ग्रुपला ताईंनी सांगितल्याप्रमाणे स्पीकरचं विचारलं. ते म्हणाले, "छोटाच आहे." मी नाही म्हणालो. बाला ते पटलं नाही, दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. मग एक नऊ जणांचं कुटुंब आलं, त्यांच्यासाठी बागेत चूल मांडली. आईनं कळण्याच्या पुऱ्या केल्या, संडासाला नवीन बादली आणली. नावेच्या दोन फेऱ्या झाल्या. पंधरा-वीस पट्टकादंब गाळावर बसले होते. एका आजोबांनी विचारलंच, "उडवा ना जरा." मी म्हणालो, आजोबा, नाइट ड्यूटीवाले आहेत, झोपलेत. ते रेल्वेतलेच निघाले! स्वतःच सगळ्यांना गप्प करून बसले.

परवानगीचा अर्ज दिलाय. दोनदा जाऊन आलो, साहेब दोन्ही वेळा मिटिंगला. कागदावर शिक्का मिळाला की लिहीन.

पैसे मागच्या वर्षीपेक्षा कमीच झाले, हेही सांगून ठेवतो.

---

गाळपेरवाला · १७ मार्च, दुपारी १.१५

ब्रेकव्हॅन काका, एक विचारायचं आहे. बेटाला वाट जोडली गेली आहे. वाटेवर मी आणि जाळंवाला भाऊनं (हो, त्याचा फोन आला होता, दूरचा पाहुणाच निघाला) बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकल्या. मोटरसायकली आल्या नाहीत, पण कुत्री येतात. ती रविवारच्या खरकट्याला चटावली आहेत. त्यांचं काय करू?

दुसरं, आमच्या टरबुजाच्या वाफ्यात टिटवीची अंडी सापडली. बानं लगेच चार काठ्या रोवून आईच्या जुन्या लुगड्याची तांबडी किनार बांधली, म्हणजे फवारणीवाला गडी पाय देणार नाही. बरोबर केलं ना?

---

ब्रेकव्हॅन · १७ मार्च, दुपारी ३.४०

किनार आधी सोड. तांबडं फडकं तुझ्या गड्याला दिसतं तसं कावळ्यालाही दिसतं, आणि कावळा गड्यापेक्षा हुशार. आठ-दहा पावलांवर नुसतं एक ढेकूळ उपडं ठेव, आणि गड्याला तोंडी सांग की त्या ढेकळाच्या पलीकडे पंप न्यायचा नाही. तेवढ्या भागात महिनाभर फवारणी नको.

कुत्र्यांचं खरकट्यानं सुरू झालं, खरकटं थांबवूनच कमी होईल. यंदा पूर्ण होणार नाही. बागेतलं उष्टं खड्ड्यात पुरतोस का, का काठावर टाकतोस? काठावर टाकत असशील तर आजपासून बंद. मी रविवारी येतो, सहाच्या आत. दुर्बीण आणतो, लेन्स आणत नाही. चहा तुझ्याकडे.

आणि अंडी किती आहेत? चार असतील तर बाला सांग, जुनी माणसं म्हणायची चारही महिने पाऊस.

---

गाळपेरवाला · १७ मार्च, रात्री ८.०५

किनार सोडली, ढेकूळ ठेवलं. उष्टं काठावरच जात होतं, खड्डा उद्या खणतो.

अंडी तीन आहेत. बा म्हणतो, काकांना विचार चौथा महिना कोणता कोरडा जाणार. श्रावण असला तर केळीचं पाणी आत्तापासून मोजायला लागेल.